तळाचा पत्रा

परीक्षक बाईंनी एक्स-रेची काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक फिल्मला टेकेल इतक्या वाकल्या आणि म्हणाल्या, "ही सेफ्टी पिन आहे."

"काय आहे?" वकिलाने विचारलं. त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. पण पुन्हा ऐकायला त्याला आवडणार होतं.

"सेफ्टी पिन. मूर्तीच्या पोटात."

"अरेरे," वकील म्हणाला. "तीनशे वर्षांपूर्वी मूर्तिकाराच्या सदऱ्याचं बटण तुटलं असेल."

भिंतीजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसलेल्या ओताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी त्याची मुलगी बसली होती. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला वाटलं, वकिलाच्या बोलण्याचा बाबांना राग आला.

संग्रहालयाच्या तळघरातली ही तपासणीची खोली. मधोमध लांब टेबल, त्यावर जाड करड्या कापडावर ती काशाची बुद्धमूर्ती. हातभर उंचीची, मांडी घालून बसलेली. डावा हात मांडीवर, उजव्या हाताची बोटं खाली जमिनीला टेकलेली. ती बोटं आणि उजवा गुडघा झिजून गुळगुळीत झाले होते, बाकी अंग काळपट हिरवं. विहारात येणारा प्रत्येक माणूस त्या बोटांना हात लावूनच खाली बसायचा. तीनशे वर्षं हात लागले की कासंसुद्धा झिजतं.

आठ महिन्यांपूर्वी ही मूर्ती विहारातून चोरीला गेली. दोन महिन्यांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या गोदामात सापडली. व्यापारी म्हणाला, ही ती नव्हेच, ही मी साच्यावरून करून घेतलेली नवी नक्कल. आज परीक्षक बाई लिहून देणार होत्या की मूर्ती जुनी की नवी. जुनी ठरली तर विहारात, नवी ठरली तर संध्याकाळच्या आत व्यापाऱ्याकडे परत. त्याचा वकील तेवढ्यासाठी गाडी घेऊनच आला होता.

विहाराकडून एकट्या भिक्खुणी आल्या होत्या. सगळे त्यांना आर्याजी म्हणत. सत्तरीच्या पुढच्या, बारक्या, डोक्याचे केस काढलेले. त्या टेबलाच्या टोकाला हात जोडून उभ्या होत्या. आल्यापासून बसल्याच नव्हत्या.

आणि ओताऱ्याला बोलावलं होतं ते साक्षीला. सव्वादोन वर्षांपूर्वी मूर्तीच्या तळाचा पत्रा सैल झाला होता, तो त्याने नवा करून बसवला होता. आपला पत्रा ओळखायचा, सही करायची आणि घरी जायचं, एवढंच काम. सकाळी निघताना त्याने मुलीला सांगितलं होतं, तासाभराचं काम आहे, तू गाडीतच थांबलीस तरी चालेल. मूर्तीच्या आतला फोटो काढतात हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"काका, इकडे या जरा," परीक्षक बाई म्हणाल्या.

तो उठला. टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"हा पत्रा तुमचा?"

"माझा."

"नक्की?"

"हा माझाच हात. कडेला छिन्नीच्या खुणा आहेत बघा. मी डावखुरा, माझ्या खुणा उलट्या पडतात."

"खुणांची नक्कल करता येते," वकील म्हणाला. "डावखुरे काय जगात एकच आहेत? माझी सासू डावखुरी आहे."

परीक्षक बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी फाईलमधून एक कागद काढला. ओताऱ्याने तो लांबूनच ओळखला. त्याच्याच हस्ताक्षरातली दुरुस्तीची नोंद.

"तुम्ही लिहिलंय, 'आतील वस्तू जशाच्या तशा ठेवल्या. लाल दोऱ्याने बांधलेली कागदाची गुंडाळी एक, धान्य मूठभर, चंदनाचा तुकडा एक. नवीन काहीही घातलेले नाही. पत्रा थंड ठोकून बसवला आहे.' खाली तुमची सही. बरोबर?"

"बरोबर."

"मग ही पिन कुठून आली? आणि हे बघा." त्यांनी पेन्सिलीचं टोक फिल्मवर फिरवलं. पत्र्याच्या कडेने एक पांढरी रेघ होती. "हा कथलाचा डाख आहे. म्हणजे पत्रा थंड ठोकलेला नाही, तापवून चिकटवलाय. तुमच्या मूर्तीत पिन नव्हती आणि डाखही नव्हता. हिच्यात दोन्ही आहे. मी काय समजायचं?"

"समजायचं काय त्यात," वकील घड्याळ बघत म्हणाला. "ती मूर्ती वेगळी, ही वेगळी. साक्षीदार त्यांचाच, नोंदही त्यांचीच. मी तर आज तोंडही उघडलं नसतं तरी चाललं असतं."

"पण तुम्ही उघडलंत," मुलगी मागून म्हणाली.

ओतारी तसाच उभा राहिला. त्याने लिहिलेल्या दोन खोट्या ओळी त्या बाईंच्या हातात होत्या, आणि त्या दोन ओळींमुळे एक खरी मूर्ती खोटी ठरत होती. चाळीस वर्षांत त्याने कुणाला एक ओळ खोटी लिहून दिली नव्हती. दिली ती नेमकी इथे.

बायको गेली त्याच्या पाचव्या दिवशी त्याने हे काम हातात घेतलं होतं. घरात बसवेना म्हणून. आर्याजी त्याच्या कारखान्यात आल्या, खाली चटईवर बसल्या, गुंडाळीचा लाल दोरा पुन्हा नीट बांधला, धान्य मोजून नव्हे, मुठीने परत घातलं, तासभर पाठ म्हटला. त्याने विचारलं होतं, या गुंडाळीत काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, सगळ्यांचं भलं होवो, एवढंच, हजार वेळा. तो म्हणाला, पण आत ठेवल्यावर वाचणार कोण? त्या म्हणाल्या होत्या, वाचायला कशाला लागतं? आत आहे एवढं पुरतं. मग त्यांनी बजावलं, पत्रा थंडच ठोका, जाळ लावू नका, आत कागद आहेत. आणि हात धुवायला नळावर गेल्या.

तेवढ्यात त्याने खिशातली चिठ्ठी आत टाकली.

बायको अकरा दिवस दवाखान्यात होती. घशात नळी, त्यामुळे बोलणं बंद. मिळेल त्या कागदावर बॉलपेनने लिहायची. पाणी. उशी. पंखा. शेवटच्या दुपारी तिने औषधाच्या बिलामागे काहीतरी खरडलं आणि त्याच्या हातात कोंबलं. त्याने ते वाचलं नाही. आदल्या दोन दिवसांपासून ती सारखी दाराकडे बोट दाखवत होती आणि तो सारखा मान वळवत होता. डॉक्टर म्हणाले होते, इथून हलवलं तर वाटेतच जाईल. चिठ्ठीत काय असणार याचा अंदाज असल्यामुळेच त्याने ती घडी करून तिच्याच पदराची पिन लावून खिशात ठेवली. पहाटे ती गेली. मग ती चिठ्ठी उघडायची छातीच झाली नाही. फाडवेना आणि जवळही ठेववेना. मूर्तीच्या पोटात गेली तेव्हा त्याला पहिल्यांदा श्वास आला. वाचायला कशाला लागतं, आत आहे एवढं पुरतं.

पण त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते. थंड पत्रा ठोकायचा म्हणजे कडेने एकेक टीप अचूक बसावी लागते. दोनदा छिन्नी घसरली. नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला आणि त्याने घाईने डाखकामाचा दिवा पेटवला आणि कथलाचा डाख देऊन टाकला. वरून छिन्नीच्या खुणा केल्या. नवशिक्या पोराने केली तर त्याच्या थोबाडीत मारली असती अशी चूक त्याने स्वतः केली आणि वर झाकली.

"काका?" परीक्षक बाई म्हणाल्या. "ही मूर्ती ती नाही, असं लिहू का?"

गप्प राहिलं की झालं. नाव शाबूत, चिठ्ठी कायमची आत. व्यापारी मूर्ती कुठल्या तरी बंगल्याच्या दिवाणखान्यात विकेल, आणि ज्या बोटांवर लोकांनी तीनशे वर्षं हात ठेवले त्यांच्यावर कुणी गाडीच्या किल्ल्या अडकवेल.

त्याने आर्याजींकडे बघितलं. त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

"नका लिहू," तो म्हणाला. "पिन मी टाकली. डाखही मीच दिला. नोंद खोटी आहे."

"बाबा!" मुलगी उठून उभी राहिली.

"बस गं ठके. बोलू दे मला."

मग वकील हळूच टाळ्या वाजवाव्यात तसा फाईलवर बोटं वाजवत म्हणाला, "वा! फिल्मवर दिसली पिन, की यांना आठवली पिन. रेडा दिसला असता तर म्हणाले असते, रेडा मीच बांधला होता आत."

"पिनेला एक चिठ्ठी आहे," ओतारी म्हणाला. "कागद एक्स-रेत दिसत नाही. माझ्या बायकोची चिठ्ठी. औषधाच्या बिलामागे लिहिलेली. बिलावर दुकानाचं नाव आहे, तारीख आहे. उघडून बघा."

परीक्षक बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "उघडायला दोन्ही बाजूंची परवानगी लागेल."

"आमची आहे," वकील लगेच म्हणाला. "आनंदाने."

सगळे आर्याजींकडे वळले. त्यांनी ओताऱ्याकडे आता पहिल्यांदा बघितलं. रागाने नव्हे. पण ते बघणं त्याला सोसलं नाही, त्याने मान खाली घातली.

"मी नळावर गेले होते तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला सांगितलं असतं तर मी नाही म्हणाले असते."

"म्हणून सांगितलं नाही."

आर्याजींनी जोडलेले हात सोडले. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर पांघरलं. "उघडा," त्या म्हणाल्या. "पोट उघडलं की आमच्यासाठी हा नुसता धातू. पुन्हा सगळं बसवेपर्यंत कुणी हिला हात जोडायचे नाहीत. मी पण नाही."

डाख कापायचं काम ओताऱ्यालाच करावं लागलं. जाळ लावायची सोय नव्हती, आतलं सगळं जळलं असतं. मूर्ती कापडावर आडवी केली, मुलीने खांदे धरले आणि तो करवतीचं बारीक पान घेऊन पत्र्याच्या कडेने इंच इंच कथील कापत गेला. पाऊण तास लागला. कथलाचा चुरा कापडावर पडत होता आणि परीक्षक बाई तोही पाकिटात भरत होत्या. वकिलाने दोनदा फोनवर ड्रायव्हरला सांगितलं, निघतोच आहे, गाडी सावलीत लाव.

"बाबा," मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "कुठली चिठ्ठी?"

"शेवटच्या दिवशीची."

"काय होतं तिच्यात?"

"वाचली नाही."

तिचे हात मूर्तीच्या खांद्यांवर घट्ट झाले.

पत्रा सुटला. परीक्षक बाईंनी हातमोजे घालून एकेक वस्तू बाहेर काढली. लाल दोऱ्याची गुंडाळी, कडेने जरा तपकिरी झालेली. धान्य. चंदनाचा तुकडा. आणि अगदी तळाला, पत्र्याला चिकटून, पिन लावलेली घडी.

त्यांनी पिन काढली. घडी उलगडली. कागद दोन्ही बाजूंनी कोळशासारखा काळा होता. एक अक्षर दिसत नव्हतं.

ओताऱ्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. बिलाचा तो गुळगुळीत कागद. उष्णता लागली की छापील बाजू काळी पडते, आणि मागची बाजू तापल्या पत्र्याला टेकून करपली होती. दुकानाचं नाव, तारीख, बायकोचे शब्द, सगळं त्याने स्वतःच्या हाताने डाख देताना मिटवलं होतं.

"झालं?" वकील म्हणाला. "काळा कागद आणि एक पिन. बाई, आता लिहा म्हणजे मी निघतो."

परीक्षक बाई कागदावर वाकल्या होत्या. "थांबा. शाई गेली तरी बॉलपेनचा दाब जात नाही. कागद खोलगट होतो. दिवा तिरपा धरला तर वाचता येईल." त्या सरळ झाल्या. "पण नुसतं वाचून काही सिद्ध होत नाही. कुणीही काहीही लिहून टाकलं असेल. काका, मी वाचायच्या आधी तुम्ही सांगा, यावर काय लिहिलंय? जुळलं तर तुमचं खरं."

सगळ्या खोलीत तो एकटाच असा होता ज्याला ते माहीत असायला हवं होतं.

"मी वाचली नाही," तो म्हणाला.

"दोन वर्षं जपून ठेवली आणि वाचली नाही?" वकिलाने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"अंदाज तरी?" परीक्षक बाई म्हणाल्या. "काही तरी सांगा."

त्याच्या जिभेवर शब्द होता. पण तो उच्चारायचा म्हणजे लेकीसमोर कबूल करायचं, की तुझी आई काय मागत होती ते मला ठाऊक होतं आणि मी खिशात घातलं.

"मी सांगते," मुलगी म्हणाली.

"तू तर बघितलीच नाहीस," ओतारी म्हणाला.

"नाही बघितली." तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली, सगळ्यांकडे पाठ फिरवून काहीतरी लिहिलं, दोन घड्या घातल्या आणि परीक्षक बाईंच्या हातात दिला. "आधी तुमचं वाचा. मग माझं उघडा."

बाईंनी खोलीतले मोठे दिवे बंद केले. छोटा दिवा टेबलाला टेकवून आडवा धरला. काळ्या कागदावर सावल्यांच्या बारीक रेघा उठल्या. बाई त्या रेघांबरोबर मान तिरकी करत गेल्या. ओतारी बघत नव्हता. तो उपरण्याबाहेर राहिलेल्या मूर्तीच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"दोन शब्द आहेत," बाई म्हणाल्या. "पहिला, 'घरी'. दुसरा नीट नाही. 'ने' वाटतोय. मात्रा पार कागदाच्या टोकापर्यंत ओढली गेलीय."

त्यांनी मुलीचा कागद उघडला, दिव्याजवळ धरला आणि वकिलासमोर ठेवला. 'घरी ने.'

वकिलाने तो वाचला. उलटून मागची बाजूही बघितली. एकदा मुलीकडे, एकदा ओताऱ्याकडे नजर टाकली. मग फाईल काखेत मारली. "आमची हरकत लेखी येईल," तो म्हणाला आणि दार न आपटता गेला.

परीक्षक बाईंनी दिवे लावले. बराच वेळ त्या लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "मूर्ती तीच, असं मी देतेय. पण काका, खोट्या नोंदीचंही लिहावं लागेल. यापुढे संग्रहालयाचं काम तुम्हाला मिळणार नाही."

"लिहा," तो म्हणाला. "लिहायलाच हवं."

"आणि ही चिठ्ठी पुरावा म्हणून इथेच राहील. निकाल लागला की मिळेल. वेळ लागतो."

त्यांनी काळा कागद आणि पिन पारदर्शक पिशवीत घातली, वर आकडा टाकला आणि कपाटात ठेवली.

आर्याजी मूर्तीपाशी आल्या. गुंडाळी हातात घेऊन तपकिरी कड त्यांनी बोटाने चाचपली. "ही चालेल," त्या म्हणाल्या. "नव्याने पाठ करावा लागेल. तीन दिवस तरी." मग ओताऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पत्रा बसवायला कुणीतरी लागेल."

"दुसरा एक ओतारी आहे ओळखीचा. चांगला आहे. मी निरोप देतो."

"तो काम बिघडवून, झाकून, मग चारचौघांत सांगेल का?"

ओतारी करवतीचं पान पुसत राहिला.

"तुम्हीच या," आर्याजी म्हणाल्या. "घाई करायची नाही. आणि मी नळावर जाणार नाही."

वर जाताना लिफ्टमध्ये दोघंच होते. मुलगी आकडे बदलताना बघत होती.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"मला तीन दिल्या होत्या तिने. तुम्ही जेवायला जायचात तेव्हा. तिन्हींवर तेच. मी फाडून पर्समध्ये टाकल्या. तुम्हाला दिसल्या असत्या तर तुम्ही डॉक्टरांचं न ऐकता तिला उचललं असतंत. आणि वाटेत काही झालं असतं तर..." ती थांबली. "तुम्हाला सांगितलं असतं, तर तिला नेलं असतंत. हेच मला दोन वर्षं खातंय, बाबा."

"नसतं नेलं," तो म्हणाला. "मला माहीत होतं. मी पण नाही नेलं."

लिफ्ट थांबली. दार उघडलं. दोघंही बाहेर पडले नाहीत.

"तू काय सांगायचीस तिला?"

"उद्या नेऊ, म्हणायचे."

त्याने भिंतीला हात टेकला. "मीही उद्याच म्हणालो होतो," तो म्हणाला.

दार आपोआप मिटायला लागलं, तेव्हा मुलीने पाय आडवा घातला.